मी स्टिअरिंगखालची तपकिरी वायर

मी एक वायर बोलतेय. तसं मला तोंड नाही, दोन टोकं आहेत. त्यांतल्या एका टोकाने बोलतेय असं समजा.

एका जुन्या गाडीत, स्टिअरिंगच्या दांड्याला बिलगून मी राहत होते. रंग तपकिरी, जाडी काडेपेटीतल्या काडीएवढी. चावी फिरवली की करंट माझ्यातून इंजिनकडे जायचा, एवढंच माझं काम. ते सुरळीत चालू होतं तोवर मी आहे हेसुद्धा कुणाच्या गावी नव्हतं. ते अडलं तेव्हा लोकांनी मला सोडून बाकी सगळीकडे शोधलं, आणि काही सापडेना म्हणून शेवटी दोष एका भल्या माणसाच्या माथी मारला. त्या माणसासाठी मी आज बोलतेय. फार उशीर झालाय हे मला माहीत आहे.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तांब्याच्या केसाएवढ्या तारा एकत्र पिळायच्या, त्यांवर रंगीत आवरण चढवायचं, की झाली वायर. मग खिळे ठोकलेल्या मोठ्या फळीवर बायका आम्हाला खिळ्यांभोवती फिरवून जुडग्यात बांधत. ज्या बाईने मला बांधलं ती वळणाच्या जागी वायर जरा सैल सोडायची. शेजारणीने तिला हटकलं, तर म्हणाली, हलणाऱ्या वस्तूला बांधायचंय हिला, थोडं अंग मोकळं नको का? तिच्या त्या शहाणपणावर मी कितीतरी वर्षं सुखाने काढली.

गाडीचा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. गाडी चालवताना मोठ्यांदा गायचा आणि बेसूर गायचा. त्याने गाडी विकली ती एका कंत्राटदाराला. त्या बाबाला गाडीचं प्रेम वगैरे नव्हतं, चाक फिरलं म्हणजे झालं. त्याच्या काळात स्टिअरिंग लटपटायला लागलं, म्हणून एका मेकॅनिकने दांडा उतरवला आणि दांडा जागी घट्ट धरणारा आतला रबरी बुश मिळेना म्हणून दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा बसवून दिला. तो सैलच बसला. हा मेकॅनिक भारी टापटिपीचा. वायरी लोंबकळताना बघितल्या की त्याचं डोकं फिरायचं. त्याने मला ताणून, पट्टीने करकचून दांड्याच्या आधाराला बांधून टाकलं. बघायला फार छान दिसत होतं. माझा मात्र श्वास कोंडला.

त्यानंतर गाडी आली काकांकडे. मी त्यांना काकाच म्हणते, कारण पुढे गाडी तपासायला आलेला वायरमन त्यांना तसंच म्हणायचा, आणि गाडीत बसून मी जी नावं ऐकली तीच माझी. काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेला. निवृत्त झाले तरी खोड जाईना. औषधाच्या बाटलीवरची, लग्नपत्रिकेतली, दुकानाच्या पाटीवरची चूक दिसली नाही असा दिवस जायचा नाही. गाडी घेतली ती हौसेने, आणि दर सकाळी तिला अशी पुसायचे की शेजारी त्यांना चिडवायचे, काका, रंग निघेल.

काकू पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. गाडी आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांची नजर मंदावत गेली, आणि मग गेलीच. हसतमुख बाई, पण घरात बसून बसून आक्रसायला लागली. तेव्हा काकांनी एक क्रम सुरू केला. रोज संध्याकाळी उजेड असताना काकूंना शेजारी बसवायचं, गाडी हळूहळू गावभर फिरवायची आणि वाटेत दिसेल ते वाचून दाखवायचं. कुठलं दुकान नवं उघडलं, कुठल्या गच्चीवर कुणाची चादर वाळतेय, कोणत्या पाटीवर वेलांटी कुठे चुकलीय. काकू खुदखुदून हसायच्या. एकदा म्हणाल्या, मला दिसत होतं तेव्हा एवढं कधी दिसलं नव्हतं हो. त्या फेरीसाठी त्या दुपारपासून साडी बदलून तयार बसायच्या. मीसुद्धा त्या फेरीची वाट बघायचे.

आता काकांच्या मानेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. जन्मभर मुद्रितांवर वाकून त्यांची मान आखडली होती. ती डावी-उजवीकडे वळायचीच नाही. त्यामुळे वळण आलं की ते स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचे आणि त्याच्यावर भार टाकून अख्खं अंग पुढे ओढून, कमरेतून वळून रस्ता बघायचे. इतकी वर्षं असंच चाललं होतं. त्यांना स्वतःलाही हे ठाऊक नसावं. पण त्या भाराने दांडा सैल बुशातून सुताभर खाली दबायचा, आणि एक टोक दांड्यावरच्या चावीशी नि अंग न हलणाऱ्या आधाराला करकचून बांधलेलं, अशी मी ताणली जायचे. प्रत्येक वळणाला. माझ्या आतली एक तार तुटली, मग दुसरी, मग तिसरी. वरचं आवरण मात्र जसंच्या तसं. शेवटी आत एकही तार अखंड उरली नाही, नुसती तुटकी टोकं एकमेकांना टेकून उभी होती. टेकलेली असली की करंट जायचा, ताणली की सुटायची.

पहिल्यांदा झालं ते पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर. काका पुढे झुकले, मी ताणली गेले, इंजिन गप्प. काका दचकून मागे टेकले, टोकं पुन्हा जुळली, चावी फिरवली तर गाडी पहिल्या झटक्यात चालू. काका हसले आणि म्हणाले, बाईसाहेब रुसल्या वाटतं. काकूही हसल्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि मग अधूनमधून होतच राहिलं. दर वेळी वळणावर.

काकांनी वायरमनला बोलावलं. जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याचं नाव होतं, आणि ते त्याला चांगलंच माहीत होतं. कुणी शंका काढली की वायरीत करंट असला की पेटणारा टेस्टिंगचा दिवा दाखवून म्हणायचा, माणूस खोटं बोलेल, हा नाही बोलणार. त्याने स्टिअरिंगखालचं झाकण काढलं. अंधारात नीट दिसेना म्हणून पट्टी सैल केली आणि मला बाहेर उजेडात ओढलं. झालं. पट्टी सुटल्याबरोबर माझा ताण गेला आणि आतली टोकं छान जुळून बसली. त्याने दिवा लावून पाहिला. लख्ख पेटला. त्याने मला अंगठ्याने वरून खालपर्यंत चाचपलं, कुठे कापलंय का, जळलंय का बघितलं, आणि पास केलं. मग पुन्हा तितक्याच टापटिपीने आवळून बांधलं.

मी ओरडत होते. बांधलेली असताना बघ, दांड्यावर भार टाकून बघ. पण वायरचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

त्याने चावीचा स्विच बदलला. काही फरक नाही. फ्यूज बदलले, कॉइल बदलली, बॅटरीची टोकं घासून घट्ट केली. दर वेळी तो स्वतः एक चक्कर मारून यायचा, सीटवर रेलून, एक कोपर खिडकीबाहेर आणि एका हाताने स्टिअरिंग फिरवत. त्याची मान चांगली मोकळी होती. गाडी त्याच्या हातात एकदाही बंद पडली नाही. तरी त्याने कामात हयगय केली असं मी म्हणणार नाही. जे जे बदलता येईल ते सगळं त्याने बदललं, फक्त मला तसंच ठेवलं. शेवटी तो काकांना म्हणाला की गाडीत काही राहिलेलं नाही, आणि हे म्हणताना त्याने काकांकडे जरा वेगळ्याच नजरेने बघितलं.

मग काकांचा मुलगा आला. तो दुसऱ्या शहरात नोकरीला. मुलगा वाईट नाही हो, आईबापांवर त्याचा जीव होता, म्हणून तर रजा टाकून धावत आला. म्हणाला, बाबा, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. काका त्या दिवशी परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले. पाठ सीटला चिकटवून, हात हलके, वळणावर पुढे झुकणं नाही की काही नाही. रस्ता त्यांना धड दिसत नव्हता, पण मुलासमोर वाकायची लाज वाटली असेल. गाडी सुतासारखी सरळ चालली. मला त्या दिवशी तुटून पडावंसं वाटलं, पण ते माझ्या हातात कुठे होतं?

घराशी येऊन गाडी थांबली आणि मुलाने शांतपणे हिशेब मांडला. चावी स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे. इंडिकेटरचा दांडा तिच्या जवळच आहे.

"बाबा, गाडी वळणावरच का बंद पडते? कारण वळणावरच तुम्ही इंडिकेटर द्यायला हात नेता. हात चुकून चावीवर जातो. वय झालं की होतं असं."

मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "चावी फिरली की टक् असा आवाज येतो. गाडी बंद पडते तेव्हा तो येत नाही. मी ऐकलंय."

"आई, तुला दिसत नाही गं."

"मी ऐकण्याबद्दल बोलतेय."

ज्या बाईने जन्मभर कानांवर पोट भरलं, तिची साक्ष त्या गाडीत कुणीच धरली नाही. मुलाचा हिशेब इतका चोख होता की त्याला फट म्हणून नव्हती. फक्त तो खोटा होता.

मुलगा परत गेला. त्यानंतर काका गाडी चालवताना स्वतःशी पुटपुटायला लागले. हात वर, चावी नाही, इंडिकेटर. पाट्या वाचून दाखवणं कमी झालं. काकू विचारायच्या, आज बाजारात काय दिसतंय? तर म्हणायचे, थांब जरा, वळण येतंय. तरी गाडी बंद पडायचीच. मग एके दिवशी त्यांनी नामी उपाय काढला. गाडी चालू केल्यावर चावीला आणि दांड्याला मिळून खिशातला रुमाल गच्च बांधला. आता मनात आणलं तरी चावी फिरणार नाही. काकूंचा हात धरून त्यांना गाठ चाचपायला लावली. काकू म्हणाल्या, पक्की आहे. मला वाटलं, चला, सुटलो आपण सगळे. आता गाडी बंद पडली की गाठ जागच्या जागी दिसेल, आणि काकांवरचं बालंट टळेल.

मोठ्या रस्त्याला लागताना काका पुढे झुकले आणि मी ताणली गेले. इंजिन बंद, गाडी रस्त्यात आडवी, आणि मागून ट्रक. त्याचा हॉर्न असा कानठळ्या बसवणारा की काकांनी घाईघाईने रुमाल ओरबाडून काढला, चावी फिरवली आणि गाडी पुढे घेतली. ट्रक मागच्या बाजूला घासून गेला. काकूंचं कपाळ समोर आपटलं. खोक पडली, बाकी काही नाही. पण कपाळावरून रक्त ओघळत असताना त्या एवढंच विचारत होत्या, अहो, तुम्हाला लागलं नाही ना?

मुलगा त्याच रात्री निघून सकाळी पोचला. गाडी वायरमनच्या गॅरेजात उभी होती. तिथेच तिघं बोलले. काकांनी रुमालाची सगळी हकीकत सांगितली. सांगताना त्यांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी धार होती, कारण आता पुरावा होता.

मुलाने विचारलं, "मग रुमाल खाली पडलेला कसा सापडला?"

"गाडी चालू करायला मी काढला."

"नक्की? बाबा, आधी गाडी बंद पडली आणि मग रुमाल काढलात, की आधी रुमाल काढलात?"

काकांची बोटं शर्टाच्या खिशावरून फिरत राहिली. वायरमन उगाचच एका नटाला पाना लावून उभा होता. मी तिथेच होते, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. एवढा वेळ सगळं ठामपणे सांगणारा तो माणूस त्या एका प्रश्नापाशी अडकला आणि पुन्हा बाहेर आलाच नाही. शेवटी म्हणाला, "माझंच चुकलं असेल." मग चावी मुलाच्या हातात दिली.

गाडी मुलाने वायरमनकडेच सोडली. सुटे भाग कुणाला लागले तर लागू देत, म्हणाला. मी गॅरेजच्या मागच्या अंगणात धूळ खात पडले. काकांच्या बातम्या कानावर यायच्या त्या वायरमनच्या बोलण्यातून. काका आता गॅस बंद केलाय का ते परत परत बघतात. कडी लावली की काकूंना हात लावून बघायला सांगतात. मुलाने एका डॉक्टरला दाखवलं, त्याने या वयात चालायचंच म्हणून गोळ्या दिल्या. पाटीवरची चूक दाखवणं तर त्यांनी पार सोडून दिलं. म्हणतात, कुणास ठाऊक, मलाच चुकीचं दिसत असेल. आणि काकू घरातच असतात.

मग एका गिऱ्हाइकाला स्टिअरिंगचा दांडा हवा झाला. वायरमनने तो उतरवायला घेतला. पट्टी कापण्याआधी त्याने आधार मिळावा म्हणून स्टिअरिंगवर अंगाचा भार टाकला. माझ्यातून करंट मिळणाऱ्या कुठल्याशा वायरला लावून ठेवलेला टेस्टिंगचा दिवा शेजारी पेटलेला होता. तो विझला. त्याने अंग उचललं, दिवा लागला. पुन्हा भार टाकला, विझला. त्याने हातातलं काम टाकलं. मग मला सोडवून त्याने एका जागी हळूच वाकवलं आणि ब्लेडने आवरण चिरलं. आत काळी पडलेली तुटकी टोकं. त्याच्या डोळ्यांसमोर वळणावर पुढे झुकलेले काका उभे राहिले असणार, कारण तो स्वतःशीच म्हणाला, "मान. त्यांची मान वळत नाही." हातही न धुता त्याने एक छोटी बॅटरी, दिवा आणि मला पिशवीत घातलं आणि तो थेट काकांच्या घरी आला.

त्यांचं घर मी पहिल्यांदाच पाहिलं. लहानशी खोली, खिडकीशी काकूंची खुर्ची, टेबलावर भिंग उपडं पडलेलं. दार उघडून काकांनी वायरमनला आत घेतलं आणि दार लावून ते दोनदा ओढून बघितलं. आखडलेल्या मानेमुळे आता ते खालीच बघत असल्यासारखे वाटत होते.

वायरमनने टेबलावर मला बॅटरीला जोडलं. दिवा लागला. मला दोन्ही टोकांनी किंचित ओढलं. विझला. सोडलं. लागला. मग त्याने सगळं समजावून सांगितलं, मानेचं, भाराचं, पट्टीचं.

"काका, चावी तुम्ही फिरवली नव्हती. एकदाही नाही. मीच उजेडात ओढून बघत बसलो. उद्या नवी वायर टाकून गाडी दारात आणून उभी करतो."

खिडकीशी बसलेल्या काकू म्हणाल्या, "अहो, मी सांगत होते ना, टक् आवाज नव्हता म्हणून." त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, संपला आमचा वनवास.

काकांनी दिव्याकडे नीट बघितलं. मला हातात घेतलं, भिंगाखाली धरलं, तुटकी टोकं पाहिली. मग मला हळूच खाली ठेवलं आणि वायरमनच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू चांगला माणूस आहेस. मला बरं वाटावं म्हणून एवढा आलास. वायर तुटली असेल, नाही कुठे म्हणतो? पण चावी मी फिरवली होती. मला स्वच्छ आठवतंय. उजवा हात खाली गेला, आधी रुमाल सोडला आणि मग चावी बंद केली. तिचं डोकं फुटलं ते माझ्यामुळे. पुन्हा तिला माझ्या शेजारी बसवू?"

वायरमनने पुन्हा दिवा पेटवून दाखवला, विझवून दाखवला. काका मान डोलावत राहिले, हट्टी मुलाची समजूत काढताना डोलावतात तशी. मुलाला फोन करतो म्हटल्यावर म्हणाले, नको, त्याला कशाला त्रास, त्याचं बरोबरच होतं. वायरमन बॅटरी उचलून निघाला. मला मात्र त्याने टेबलावरच ठेवलं. परत नेण्याचं बळ त्याच्यात नसावं.

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस तीच तीच तक्रार करत असेल आणि तपासायला गेलं की सगळं ठीक दिसत असेल, तर कृपा करून त्याच्या जागेवर बसा. ते वाकतं तसं वाका, ते धरतं तसं धरा, आणि मग बघा. मी तर आता कुठल्याच गाडीत जाणार नाही. चिरलेल्या वायरचा कुणाला काय उपयोग?

वायरमनच्या पावलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. काकूंनी चाचपत चाचपत टेबलापर्यंत येऊन मला उचललं आणि बोटाभोवती गुंडाळलं. काका दाराची कडी बघून परत आले आणि खोलीच्या मध्ये थबकले. मग हळू आवाजात, आपलं काही चुकलं का असं लहान मुलं विचारतात तसं त्यांनी विचारलं, "अगं, आत्ता कुणी आलं होतं का? की मलाच आपलं वाटलं?"

काकूंनी मला मुठीत घट्ट धरलं. "आला होता हो," त्या म्हणाल्या. "वायरमन आला होता."

"तू म्हणतेस तर असेल," काका म्हणाले, आणि पुन्हा कडी बघायला गेले.